कोरकू महिला, मधुमेह आणि जनुकं : नमुने घेण्याआधी

"मेळघाटातल्या कोरकू महिलांमधली मधुमेहाची जनुकीय जोखीम" असा विषय तुमच्या डोक्यात असेल, तर सिनॉप्सिस लिहिण्याआधी जरा थांबा. विषय चांगला आहे, पण त्यात अडकायच्या जागाही बऱ्याच आहेत.

धारणी-चिखलदरा म्हटलं की आपल्याला कुपोषण आठवतं, साखर नाही. पण दोन्हींचं नातं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून आसपासच्या खेड्यांतल्या मातांचा अभ्यास केला. तिथली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरीच हलकी होती, स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानाने टिकलेली. म्हणजे बारीक दिसणाऱ्या बाईला मधुमेह होणार नाही, हे गृहीत धरू नका.

आता जनुकांकडे. टीसीएफ७एल२ हे जनुक २००६ मध्ये आइसलँडमधल्या अभ्यासातून पुढे आलं, नंतर भारतीयांतही त्याचा संबंध दिसला. पण त्याने जोखीम वाढते ती दीडपटीच्या आतबाहेर. उलट ग्रीनलँडच्या इन्युइट लोकांत टीबीसी१डी४ या जनुकाचा असा बदल सापडला (२०१४), की दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर जोखीम सुमारे दहापट. लहान, आपसातच लग्नं करणाऱ्या समाजात असे बदल साठतात, म्हणून कोरकूंचा अभ्यास हवा. फक्त युरोपात सापडलेले चार बदल तपासून "इथे काही नाही" असं लिहून मोकळं होऊ नका.

सगळ्यात मोठी गडबड होते ती नमुने निवडताना. समजा, मधुमेही बायका अकोला-अमरावतीच्या दवाखान्यातून घेतल्या आणि निरोगी बायका मेळघाटातून. फरक तर दिसणारच! पण तो कशाचा? कोरकू ही मुंडा गटातली भाषा बोलणारा समाज, वंशपरंपरा वेगळी. शिवाय शहरातलं काम, खाणं वेगळं. तुमचा "मधुमेहाचा" बदल प्रत्यक्षात फक्त "ही बाई कोरकू नाही" एवढंच सांगत असेल. म्हणून दोन्ही गट एकाच समाजातून, शक्यतो त्याच गावांतून घ्या.

दुसरं, एचबीए१सी वर विसंबू नका. ही चाचणी तांबड्या पेशींच्या साधारण १२० दिवसांच्या आयुष्यावर उभी आहे. विदर्भातल्या आदिवासींमध्ये सिकलसेल आढळतो. त्या आजारात पेशी लवकर मरतात आणि आकडा खोटा कमी येतो. लोहाच्या कमतरतेत तो खोटा वाढू शकतो. त्यापेक्षा ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी साखर मोजा. वेळखाऊ आहे, पण पर्याय नाही.

आणि संमती. अमेरिकेत हवासुपाई जमातीचं रक्त १९९० पासून मधुमेहाच्या नावाखाली घेतलं गेलं आणि पुढे स्किझोफ्रेनिया, स्थलांतर अशा भलत्याच अभ्यासांत वापरलं. २०१० मध्ये अॅरिझोना स्टेट विद्यापीठाला तडजोड करून उरलेले नमुने परत द्यावे लागले. त्यामुळे मराठीत छापलेल्या फॉर्मवर अंगठा घेतला म्हणजे संमती झाली, असं नाही. कोरकूत समजावणारी बाई सोबत हवी, आणि उरलेल्या रक्ताचं काय करणार हेही तिने सांगायला हवं.

वेळही बघा. कामाला बाहेर गेलेली घरं होळीला परततात, त्यामुळे नमुने मिळणं तेव्हा सोपं. पण सणाचं खाणंपिणं ट्रायग्लिसराइडमध्ये उतरतं. नावनोंदणी होळीत करा, रक्त सण सरल्यावर, पण माणसं पुन्हा बाहेर पडायच्या आत घ्या.