प्रफुल्लाताईंच्या नावानं

चित्रकाराचा सन्मान कशानं होतो? पुतळ्यानं की चौकातल्या पाटीनं? प्रफुल्ला डहाणूकर यांच्याबाबतीत वेगळं घडलं.

१९३४ साली गोव्यात जन्मलेल्या प्रफुल्लाताई १९५५मध्ये 'जे. जे.'चं सुवर्णपदक घेऊन बाहेर पडल्या. पुढे फ्रेंच शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेल्या. स्वतःची चित्रं होतीच, पण इतरांची चित्रं भिंतीवर लागावीत म्हणूनही त्या बॉम्बे आर्ट सोसायटीत वर्षानुवर्षं राबल्या. २०१४मध्ये त्या गेल्या. आता त्यांच्या नावाचं प्रतिष्ठान 'कलानंद' स्पर्धेतून तरुण चित्रकारांना बक्षिसं देतं.

माझ्यासारख्या जुन्या बँकवाल्याला आधी हिशेब दिसतो. रंग, कॅनव्हास, फ्रेम, गॅलरीचं भाडं. सगळं चित्र विकण्याआधीच भरायचं. तारण काय ठेवणार, न रंगवलेलं चित्र? आणि कुठला मॅनेजर ते घेणार!

बदलापूरहून ड्रॉइंग बोर्ड छातीशी धरून गर्दीच्या लोकलमध्ये चढणारी पोरं आहेत. घरी रोज एकच प्रश्न, 'पोटापाण्याचं काय?' अशा वेळी एखादं बक्षीस हाती आलं, तर पुढचे रंग येतात आणि वडील निदान वर्षभर तरी तो प्रश्न विचारत नाहीत.