वितळलेली अंगठी, न संपलेलं मुसळ

जोड्या लावण्याचा एक खेळ आहे. गॅन्डाल्फ म्हणजे वसिष्ठ, सॅम म्हणजे लक्ष्मण, रानोमाळ भटकून शेवटी गादीवर बसणारा ॲरागॉर्न म्हणजे राम आणि सॉरॉन म्हणजे अर्थातच रावण. पीटर जॅक्सनचे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीन चित्रपट (२००१, २००२, २००३) मराठी घरात लागले की पहिल्या तासाभरातच हा खेळ सुरू होतो. त्यात गंमत आहे, पण हाती फारसं काही लागत नाही. वनवास, गुरू आणि जिवाला जीव देणारा सोबती कुठल्या महाकथेत नसतात? तुलना करायचीच तर पात्रं बाजूला ठेवून एक प्रश्न दोन्हीकडे विचारावा : अफाट सामर्थ्याची वस्तू हाती आली, तर तिचं करायचं काय?

मूळ कादंबरी लिहिणाऱ्या टोल्किनचं उत्तर सरळ आहे, ती मोडून टाका. पहिल्या चित्रपटात नायक फ्रोडो सॉरॉनची अंगठी पुढे करतो तेव्हा गॅन्डाल्फ दचकून मागे सरतो. आपण ती भल्यासाठीच वापरायला जाऊ आणि त्यातूनच अनर्थ होईल, हे त्याला कळलेलं असतं. गॅलाड्रिएलही मोहाच्या टोकावरून परत फिरते. अंगठीत सॉरॉनचाच अंश ओतलेला असल्यामुळे तिला चांगला धनी मिळणं शक्य नाही. आता शेजारी स्यमंतक मणी ठेवून पाहा. गणेश चतुर्थीचा चंद्र चुकून दिसला की चोरीचा आळ येतो आणि त्यावर उतारा म्हणून जी गोष्ट ऐकायची, त्याच गोष्टीतला हा मणी. सूर्याने तो सत्राजिताला दिला. तो गळ्यात घालून शिकारीला गेलेला प्रसेन सिंहाच्या तावडीत सापडला, सिंहाला जांबवानाने मारलं, आळ मात्र कृष्णावर आला. पुढे याच मण्यापायी सत्राजिताचा खून झाला आणि खून करणारा शतधन्वाही मारला गेला. माणसांमागून माणसं गिळण्यात हा मणी अंगठीला हार जाणारा नाही. तरीही तो फोडून टाकावा असं कुणीच म्हणत नाही. शेवटी मणी अक्रूराकडे निघतो, तेव्हा विष्णुपुराणातला कृष्ण भर सभेत हिशेब मांडतो : मणी बाळगणाऱ्याला शुचिर्भूत आणि ब्रह्मचर्याने राहावं लागतं, मला सोळा हजार बायका, मला ते कसं जमणार? बलरामदादाला मद्य सोडावं लागेल. तेव्हा अक्रूरा, तो तुझ्याकडेच असू दे. गॅन्डाल्फचा नकार भीतीतून येतो, कृष्णाचा नकार स्वतःची पात्रता ओळखून, आणि थोडा मिश्कीलपणेही. मण्यात खोट नाही. प्रश्न फक्त अधिकाराचा आहे.

यावर कुणी म्हणेल, आपल्याकडेही घातक वस्तू नष्ट केल्याच्या कथा आहेत की! आहेत, आणि माझ्या मते खरा फरक तिथेच दिसतो. यादवांच्या पोरांनी सांबाला गरोदर बाईचा वेष देऊन ऋषींची थट्टा केली आणि शापाने त्याच्या पोटी लोखंडाचं मुसळ आलं. राजाने अगदी शहाण्या कारभाऱ्यासारखं वागून त्याचं चूर्ण करवलं आणि ते समुद्रात टाकायला लावलं. पण कथा पुढे सरकली तेव्हा किनाऱ्यावर लव्हाळं उगवलेलं होतं. दारू पिऊन भांडणाऱ्या यादवांनी तेच उपटलं आणि हातात येताच त्याचं पुन्हा मुसळ झालं. कुळ संपलं. चूर्ण होताना उरलेला एक तुकडा माशाच्या पोटातून जरा नावाच्या व्याधाकडे पोचला आणि त्याच्या बाणाचं टोक होऊन कृष्णाच्या पायात रुतला. माउंट डूमच्या आगीत अंगठी पडते आणि सॉरॉनचा मनोरा कोसळतो, इथे मात्र समुद्रात टाकलेली वस्तू गवत होऊन किनाऱ्याला लागते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. टोल्किनही इतका सोपा नाही. ऐन कड्यावर फ्रोडो अंगठी सोडायला नकार देतो. अंगठीच्या मोहात अडकलेला गॉलम त्याचं बोट चावून ती हिसकावतो आणि तिच्यासकट आगीत पडतो. त्याआधी अंगठीचा आधीचा धनी बिल्बो आणि फ्रोडो या दोघांनी गॉलमला दयेने जिवंत सोडलं नसतं, तर अंगठी मोडलीच नसती. फ्रोडोची जखमही पुढे कधी भरून येत नाही. हे सगळं मान्य, आणि गॉलमच्या बाबतीत टोल्किन आपल्या कर्माच्या हिशेबाच्या अगदी जवळ येतो. सॉरॉनच्या नाझगुल सेवकांच्या म्होरक्याला तर कुणी पुरुष मारू शकत नाही आणि त्याला एओविन ही स्त्री मारते. हिरण्यकशिपूची आठवण येणारच. पण टोल्किनकडे ते नुसतं भाकीत आहे. इकडे रावणाने ब्रह्मदेवाकडे तप करून वर मागितला, यादी स्वतः केली आणि माणसाला क्षुद्र समजून तिच्यातून वगळलं. ती फट त्याच्या गर्वाने ठेवली. त्याचं सामर्थ्य त्याने कमावलेलं असल्यामुळे देवालाही ते नुसतं काढून घेता येत नाही. सॉरॉनला असा हक्क नाही. चित्रपटात तर तो मनोऱ्यावरचा एक जळता डोळा आहे. त्याच्यावर कुणी प्रसन्न होत नाही.

रावणावर मात्र देव प्रसन्न होतो, आणि ते दृश्य उरण तालुक्यात दगडात कोरलेलं आहे. घारापुरीच्या मोठ्या लेण्यात पूर्वेच्या बाजूला कैलास उचलणाऱ्या रावणाचा पट आहे. मूर्ती फार मोडली आहे. वीस हातांपैकी थोडेच उरलेत, डोकी शोधावी लागतात. वर शिव शांत बसलेला आहे. कथेप्रमाणे तो अंगठ्याने पर्वत नुसता दाबतो, रावण खाली अडकतो, स्तुती गातो आणि शेवटी चंद्रहास तलवार मिळवून जातो. म्हणूनच या पटाला रावणवध न म्हणता रावणानुग्रह म्हणतात. तिन्ही चित्रपट पाहून झाले की एकदा तिथे जाऊन या. सोमवारी लेणी बंद असतात.