प्रश्नावली हे शब्दप्रमाण आहे: ऑनलाइन सर्वेक्षण आणि संशोधनाची सॉफ्टवेअर

संशोधनपद्धतीच्या व्याख्यानमालेत तत्त्वज्ञानाचा माणूस काय सांगणार, अशी शंका काहींना आली असेल. रास्त आहे. गूगल फॉर्म कसा बनवायचा हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं. पण त्या फॉर्ममधून जे हाती येतं ते ज्ञान आहे की नाही, हा प्रश्न मात्र आमच्या विषयाचा आहे. आणि तो जुना आहे.

न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधनं मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. सर्वेक्षण यातलं कोणतं? वसतिगृहातली मुलं किती वाजता झोपतात हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. तुम्ही विचारता, ती सांगतात, तुम्ही विश्वास ठेवता. म्हणजे हे शब्दप्रमाण झालं. आता शब्द प्रमाण कधी? सांगणारा आप्त असेल तर. आप्त म्हणजे नातलग नव्हे. ज्याला ती गोष्ट स्वतः ठाऊक आहे आणि जी ठाऊक आहे तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायनाने तर स्पष्ट म्हटलं आहे की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. जन्म बघायचा नाही, पद बघायचं नाही. माहिती आणि इच्छा, या दोनच अटी.

मला वाटतं, सर्वेक्षणाचं सगळं शास्त्र या दोन अटींत बसतं. समोरच्याला जे ठाऊक आहे तेच विचारा, आणि ते खरं सांगावंसं वाटेल असं विचारा.

पहिली अट घेऊ. ठाऊक नसलेलं विचारलं तर काय होतं? लोक ‘माहीत नाही’ म्हणतील अशी आपली समजूत असते. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘1975चा पब्लिक अफेअर्स कायदा’ रद्द करावा का, असं लोकांना विचारलं. असा कायदाच नव्हता! तरी सुमारे एक तृतीयांश लोकांनी मत दिलं. (हशा) हसू नका, ती माणसं खोटारडी नव्हती. विचारणारा काहीतरी खरं असल्याशिवाय विचारणार नाही, असं त्यांनी गृहीत धरलं. संभाषणात आपण सगळेच ते धरतो. पॉल ग्राइस या तत्त्वज्ञाने हीच गोष्ट मांडली: दोन माणसं बोलताना एकमेकांशी सहकार्य करत असतात, आणि न उच्चारलेल्या गोष्टींतूनही अर्थ काढत असतात.

प्रश्नावलीतही तेच चालतं. जर्मनीतलं एक उदाहरण बघा. लोकांना विचारलं, आयुष्यात तुम्ही किती यशस्वी झालात? पर्याय अकरा. काहींना 0 ते 10 असे आकडे दिले, काहींना उणे 5 ते अधिक 5. प्रश्न तोच, दोन टोकांचे शब्दही तेच. पहिल्या गटातल्या 34 टक्के लोकांनी खालच्या अर्ध्या भागातले, म्हणजे 0 ते 5 मधले आकडे निवडले. दुसऱ्या गटात तोच भाग उणे 5 ते 0 असा होता, तर तो फक्त 13 टक्क्यांनी निवडला. कारण 0 म्हणजे ‘यश नाही’, पण उणे 5 म्हणजे ‘अपयश’ असं वाचणाऱ्याने मनात धरलं. आपण स्क्रीनवर जो आकडा सहज टाकतो, तोही एक वाक्यच बोलत असतो.

शब्दांचं तर विचारूच नका. 1941 साली डोनाल्ड रग यांनी अमेरिकेतली एक चाचणी प्रसिद्ध केली. लोकशाहीविरोधी भाषणांना ‘परवानगी द्यावी का’ असं विचारलं, तेव्हा 62 टक्के लोक नको म्हणाले. ‘बंदी घालावी का’ असं विचारलं, तेव्हा घालावी म्हणणारे 46 टक्केच निघाले. तर्काने दोन्ही एकच. माणसाला मात्र ‘बंदी’ हा शब्द जड जातो.

आता आपल्या मराठीकडे या. आपल्याकडे बहुतेक प्रश्नावल्या इंग्रजीतून उचलून भाषांतरित केलेल्या असतात, आणि तिथे काही खड्डे खास मराठीचे आहेत. तीन सांगतो.

पहिला खड्डा ‘आपण’. ‘आपल्या विभागात पुरेशी पुस्तकं आहेत का?’ इथे आपल्या म्हणजे तुमच्या, की आपल्या सर्वांच्या? आदर दाखवायला आपण ‘आपण’ लिहितो आणि अर्थ दुभंगतो. सरळ ‘तुम्ही’ लिहा, कुणी रागावत नाही.

दुसरा खड्डा लिंगाचा. इंग्रजी विधानाचं आपण भाषांतर करतो, ‘मी रोज ग्रंथालयात जातो’, आणि पुढे सहमत, असहमत. वाचणारी मुलगी असेल तर? हे विधान तिचं नाहीच. तिला पहिल्याच ओळीत कळतं की हा फॉर्म लिहिताना ती कुणाच्या डोळ्यासमोर नव्हती. ‘तुम्ही रोज ग्रंथालयात जाता का?’ असं विचारलं की प्रश्न मिटतो.

तिसरा, नकाराचा. ‘वसतिगृहातल्या सोयी पुरेशा नाहीत’, उत्तर ‘असहमत’. म्हणजे पुरेशा आहेत की नाहीत? दमलेला विद्यार्थी रात्री अकरा वाजता मोबाइलवर हे गणित सोडवत बसणार नाही. तो मधलं बटण दाबेल, ‘तटस्थ’. मग तुम्ही प्रबंधात लिहाल की विद्यार्थी तटस्थ आहेत. तो तटस्थ नाही हो, तो कंटाळलेला आहे.

यावरून ‘आकर्षक’ प्रश्नावलीचा मुद्दा येतो. आकर्षक म्हणजे रंगीत पट्टी आणि फुलांचं चित्र नव्हे. उत्तर देणाऱ्याला ‘हा प्रश्न माझ्याबद्दल आहे’ असं वाटणं, हे आकर्षण. म्हणून सुरुवात नाव, जात, उत्पन्न यांनी करू नका. विषयाच्या सोप्या प्रश्नाने करा. वीस ओळींचा तक्ता मोबाइलवर देऊ नका. माणूस उभ्या रेषेत एकाच बाजूची बटणं दाबत सुटतो. ‘ग्रंथालय आणि इंटरनेट सुविधा समाधानकारक आहेत का’ असे दोन प्रश्न एकात कोंबू नका. आणि प्रत्येक प्रश्नाला लाल चांदणी लावून उत्तर सक्तीचं करू नका. सक्तीने मिळतं ते उत्तर नसतं, सुटका असते.

आता दुसरी अट, सांगण्याची इच्छा. ती भीतीपाशी अडते. मेसच्या जेवणाबद्दल, मार्गदर्शकाबद्दल, जातीवरून मिळणाऱ्या वागणुकीबद्दल विद्यार्थी खरं केव्हा सांगेल? आपलं नाव फुटणार नाही याची खात्री असेल तेव्हा. फॉर्मवर आपण लिहितो, ‘माहिती गोपनीय ठेवली जाईल’, आणि खाली सेटिंगमध्ये ईमेल गोळा करण्याचा पर्याय चालू असतो. किंवा नाव घेत नाही, पण विभाग, वर्ष, लिंग, प्रवर्ग आणि गाव विचारतो. लहान विभागात एवढ्यावरून माणूस ओळखता येतो. हे वचनभंगच आहे, तांत्रिक चूक म्हणून सोडून देता येणार नाही. ज्याची गरज नाही ती माहिती मागूच नका, म्हणजे जपावी लागत नाही.

सॉफ्टवेअरकडे वळू. एसपीएसएस 1968 पासून आहे. आर हे न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात जन्मलं, ते मोफत आहे. ॲमस्टरडॅम विद्यापीठातलं जास्प आणि तसंच जामोवी, हीही मोफत आहेत आणि वापरायला सोपी आहेत. त्यामुळे कुणाकडून तरी आलेली एसपीएसएसची चोरटी प्रत वापरण्याचं कारण उरलेलं नाही. पण साधन कोणतंही घ्या, ते फक्त अनुमान करतं. शब्द खोटा असेल तर अनुमान त्याला खरं करू शकत नाही.

आणि सॉफ्टवेअर फार आज्ञाधारक असतं. महाराष्ट्राच्या 36 जिल्ह्यांना 1 ते 36 क्रमांक द्या आणि सरासरी मागा. ते मुकाट्याने 18.5 सांगेल. साडेअठरावा हा कोणता जिल्हा, असं ते विचारणार नाही. (हशा) उत्तर न दिलेल्यांना 99 क्रमांक दिलात आणि तसं सॉफ्टवेअरला सांगायला विसरलात, तर पाचपैकी सरासरी सात येईल, तीही ते छापून देईल. म्हणून माऊसने काम करून मोकळे होऊ नका. प्रत्येक पायरीची आज्ञावली जपून ठेवा, म्हणजे दुसरा कुणी तेच काम पुन्हा करून पडताळू शकेल.

शेवटचा मुद्दा नमुन्याचा. आपल्या प्रबंधांत 384 हा आकडा फार लाडका आहे. तो येतो कुठून? 95 टक्के विश्वासपातळी आणि 5 टक्के चुकीची मर्यादा धरली की सूत्रातून तो निघतो. पण त्या सूत्राची अट अशी आहे की माणसं यदृच्छेने निवडलेली असावीत. व्हॉट्सॲप गटांवर लिंक टाकून 384 प्रतिसाद गोळा केले की आकडा राहतो, अट निघून जाते. 1936 साली अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि लँडन जिंकणार असं भाकीत केलं. रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यांत जिंकले. पत्ते होते मुख्यतः टेलिफोन आणि मोटारी असलेल्यांचे, म्हणजे मंदीच्या काळातल्या सुस्थितीतल्या लोकांचे. शिवाय उत्तरं पाठवली ती ज्यांना पाठवावीशी वाटली त्यांनी. वीस लाखांनी जे साधलं नाही, ते 384 ने कसं साधेल?

मग व्हॉट्सॲपवरचं सर्वेक्षण करूच नये का? करावं. फक्त निष्कर्ष लिहिताना ‘महाराष्ट्रातले विद्यार्थी’ असं न म्हणता ‘उत्तर देणारे विद्यार्थी’ म्हणावं. एका शब्दाचा फरक आहे, पण त्यात प्रामाणिकपणा आहे. 2017 च्या सुधारित पद्धतीत नॅकच्या मूल्यांकनातही विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आलं. असे आकडे महाविद्यालयांच्या मूल्यांकनात धरले गेले, त्यामुळे हा काही केवळ पुस्तकी वाद राहिलेला नाही. ज्याच्या मोबाइलला रेंज नाही, तो मुलगा तुमच्या आलेखात नसतो. आणि आलेखात नसलेल्याची अडचण अहवालातही येत नाही.

तेव्हा लिंक पाठवण्याआधी एक करा. पाच जणांना समोर बसवा, फॉर्म भरायला सांगा, आणि प्रत्येक प्रश्नाला विचारा, ‘तुला यातून काय समजलं?’ एक दुपार जाईल. पण त्या दुपारी तुम्हाला जे ऐकू येईल, ते कोणतंही सॉफ्टवेअर नंतर सांगू शकणार नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ, आणि एका वेळी एकच विचारा. (हशा)