बारबेलची बैठक : भार, पाऊल आणि लंबरेषा

भारतात उकिडवे बसणे सहसा कोणी कोणाला शिकवत नाही. खुरपणी करणारी स्त्री, विटा थापणारा मजूर, रस्त्याच्या कडेला भाजी मांडून बसलेला विक्रेता, आगगाडीची वाट पाहत फलाटावर टेकलेला प्रवासी ह्या सर्वांना ती स्थिती अंगवळणी पडलेली असते. पंजाबापासून कर्नाटकापर्यंतच्या आखाड्यांत ह्याच नैसर्गिक हालचालीतून बैठक हा व्यायाम विकसित झाला. पहिलवानाच्या नित्यक्रमात जोर आणि बैठक ह्यांना जे स्थान आहे ते सर्वपरिचित आहे. साहजिकच, लोखंडी कांब आणि तिच्या दोन्ही टोकांस चढविलेल्या चकत्या, म्हणजेच बारबेल, खांद्यावर घेऊन हीच बैठक काढावयाची असे म्हटले की त्यात नवे शिकण्यासारखे काय आहे, असा प्रश्न पडतो. बहुतेक दुखापतींचे मूळ ह्या समजुतीत आहे.

आखाड्यातील बैठकीत खाली जाताना टाचा जमिनीवरून सुटतात, शरीराचा भार चवड्यांवर येतो आणि हातांच्या झोक्याने तोल सावरला जातो. हालचाल जलद आणि तालबद्ध असते. आवर्तने शेकड्यांनी मोजली जातात. केवळ स्वतःच्या शरीराचा भार उचलावयाचा असल्यामुळे ही पद्धत निर्वेध चालते, आणि दमसास वाढविण्यासाठी ती उत्तमच आहे. परंतु खांद्यावर साठ किंवा ऐंशी किलोग्रॅमची कांब आली की हात ती धरण्यात गुंततात. झोक्याने तोल सावरण्याची सोय उरत नाही, आणि टाच उचलली गेली तर सगळा भार पावलाच्या पुढच्या लहानशा भागावर लोटला जातो. म्हणून आखाड्यातून व्यायामशाळेत येणाऱ्याला पहिली सवय सोडावी लागते ती टाच उचलण्याची.

ह्यामागचे पदार्थविज्ञान अवघड नाही. उभ्या माणसाचा तोल राहतो तो त्याच्या शरीराचा गुरुत्वमध्य पावलांनी व्यापलेल्या जागेच्या वर असतो तोपर्यंत. खांद्यावर भार घेतला की शरीर आणि भार ह्यांचा मिळून एक नवा गुरुत्वमध्य तयार होतो, आणि भार जसजसा वाढतो तसतसा तो कांबेच्या जवळ सरकतो. जड बैठकीत शरीराने कांबेच्या मर्जीप्रमाणे वागावे लागते, असे म्हटले तरी चालेल. कांबेतून जमिनीवर सोडलेली काल्पनिक लंबरेषा पावलाच्या मध्यावर, साधारणतः बुटाची नाडी बांधतात त्या ठिकाणी, पडली पाहिजे, आणि खाली जाताना व वर येताना ती तेथेच राहिली पाहिजे. ऐंशी किलोग्रॅमची कांब ह्या रेषेपासून केवळ पाच सेंटिमीटर पुढे गेली तरी शरीराला पुढे पाडू पाहणारे सुमारे ३९ न्यूटन-मीटरचे जादा परिबल निर्माण होते. ते पेलण्याचे काम प्रथम पोटऱ्यांवर आणि मग कमरेच्या स्नायूंवर पडते. पुढे ज्या सूचना येतील त्यांपैकी बहुतेक ह्या एका लंबरेषेतून निघालेल्या आहेत.

स्पर्धेतील पुरुषांची कांब २० किलोग्रॅम वजनाची आणि २.२ मीटर लांबीची असते, तर स्त्रियांची १५ किलोग्रॅमची आणि थोडी आखूड. अनेक व्यायामशाळांतील साध्या कांबी ह्याहून हलक्या असतात, म्हणून कांबेचे वजन एकदा तराजूवर पाहून घेणे श्रेयस्कर. कांब जमिनीवरून उचलून खांद्यावर घेण्याचा प्रयत्न करू नये. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीहून अमेरिकेत गेलेला मल्ल मायलो स्टाइनबॉर्न जड कांब एका टोकावर उभी करी, तिच्याखाली बसून ती आडवी आपल्या पाठीवर ओढून घेई आणि मग उठे. त्याचे ते कसब आजही त्याच्या नावाने ओळखले जाते. अनुकरण मात्र कोणी करू नये. आज त्यासाठी दोन खांबांची घोडी, म्हणजे रॅक, उपलब्ध आहे. तिचे आकडे छातीच्या मध्याच्या उंचीवर असावेत, म्हणजे गुडघे किंचित वाकवून कांबेखाली शिरता येते आणि सरळ उभे राहिले की ती आकड्यांतून सुटते. आकडे उंच असल्यामुळे चवड्यांवर उभे राहून कांब काढणारे लोक नेहमी दिसतात. दमल्यानंतर तीच कांब त्याच उंचीवर परत ठेवावयाची आहे, ह्याचा त्यांना विसर पडलेला असतो.

कांब मानेवर ठेवावयाची नसते. मान पुढे झुकवली असता तिच्या तळाशी जे हाड हाताला लागते त्याच्या खाली, खवाटे एकमेकांजवळ आणल्याने स्नायूंची जी उशी तयार होते, तिच्यावर कांब विसावली पाहिजे. काही भारोत्तोलक ती ह्याहूनही दोन-तीन बोटे खाली, खवाट्यांच्या कण्यावर, ठेवतात. तसे केल्यास लंबरेषा सांभाळण्यासाठी धड अधिक पुढे झुकवावे लागते आणि नितंबांवरचे काम वाढते. कांब वर ठेवल्यास धड ताठ राहते आणि गुडघे अधिक पुढे जातात. दोन्ही प्रकार योग्य आहेत. नवशिक्याने पहिल्यापासून सुरुवात करावी. त्यानंतर दोन किंवा तीन लहान पावले मागे यावे आणि पावले खांद्यांइतक्या अंतरावर, बोटे किंचित बाहेर वळवून, रोवावीत. टाच, अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा आणि करंगळीच्या मुळाचा उंचवटा ह्या तिन्ही ठिकाणी जमिनीचा स्पर्श जाणवला पाहिजे.

खाली जाताना खुबे आणि गुडघे एकाच वेळी वाकावेत आणि गुडघे पावलांच्या बोटांच्या दिशेनेच जावेत. ते आत वळणे हा दोष विशेषतः वर येताना दिसतो आणि तो दिसताच भार कमी करावा. गुडघे पुढे किती जावेत ह्याबद्दल मात्र बराच गैरसमज आहे. गुडघा बोटांच्या पुढे कदापि जाता कामा नये, असा नियम अनेक शिक्षक अजूनही सांगतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात सात पुरुषांकडून दोन प्रकारे बैठका काढून घेण्यात आल्या, एकदा मोकळेपणी आणि एकदा गुडघ्यांपुढे लाकडी फळी उभी करून. फळीमुळे गुडघ्यावरील परिबल सुमारे १५० न्यूटन-मीटरवरून ११७ वर उतरले हे खरे, परंतु खुब्यावरील परिबल सुमारे २८ वरून ३०३ वर गेले. गुडघ्याची बचत खुबा आणि कंबर ह्यांच्याकडून दसपटीने वसूल झाली. ज्याची मांडी लांब आहे त्याचा गुडघा पुढे जाणारच. टाच जमिनीवर आहे आणि लंबरेषा ढळलेली नाही, एवढे पाहावे.

खोल बैठकीविषयीच्या भीतीचा इतिहासही जाणून घेण्याजोगा आहे. १९६१ साली टेक्सास विद्यापीठातील कार्ल क्लाइन ह्यांनी खोल बैठकांमुळे गुडघ्याचे अस्थिबंध सैल पडतात असा निष्कर्ष मांडला आणि अर्ध्या बैठकीची शिफारस केली. शारीरिक शिक्षणाच्या क्षेत्रात ह्या मताने खोल मूळ धरले. पुढील संशोधनाने मात्र त्याला दुजोरा दिला नाही. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठ आठवडे पूर्ण किंवा अर्ध्या बैठका काढणाऱ्यांच्या गुडघ्यांची स्थिरता मोजण्यात आली, आणि बैठकांमुळे ती बिघडल्याचे आढळले नाही. स्पर्धात्मक भारोत्तोलन तर खोल बैठकीशिवाय संभवतच नाही. सिडनी येथे २००० साली ऑलिंपिक पदक मिळवणारी पहिली भारतीय महिला ठरलेल्या आंध्र प्रदेशातील कर्णम मल्लेश्वरी ह्यांनी स्नॅचमध्ये ११० आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३० किलोग्रॅम उचलले होते. मणिपूरच्या मीराबाई चानू ह्यांनी २०२१ साली झालेल्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये ४९ किलोग्रॅम गटात ८७ आणि ११५ किलोग्रॅम उचलून रौप्यपदक मिळविले. अशा उचलींत कांब झेलली जाते ती बैठकीच्या तळाशी, आणि तेथून उठावे लागते. अर्थात निरोगी गुडघ्याविषयी जे सिद्ध झाले ते आधीच दुखावलेल्या गुडघ्याला लागू पडत नाही. तळाशी आदळून उसळी घेण्याची सवय तर निरोगी गुडघ्यालाही मानवत नाही.

मग किती खोल जावे? शक्तिस्पर्धांच्या, म्हणजे पॉवरलिफ्टिंगच्या, नियमानुसार खुब्याच्या सांध्यापाशी मांडीचा वरचा पृष्ठभाग गुडघ्याच्या माथ्यापेक्षा खाली गेला पाहिजे. सामान्य व्यायाम करणाऱ्यावर हा नियम बंधनकारक नाही. त्याची मर्यादा त्याच्या कमरेने ठरवावी. एका विशिष्ट खोलीनंतर ओटीपोटाचे हाड आत वळू लागते आणि कमरेचा स्वाभाविक बाक नाहीसा होऊन पाठ गोल होते. ह्या स्थितीत जड भार घेतल्यास मणक्यांमधील चकत्यांवर विषम दाब पडतो. ती वेळ येण्यापूर्वी थांबावे. पुष्कळदा दोष कमरेचा नसून घोट्याचा असतो, कारण खुर्ची, मोटार आणि पाश्चात्त्य पद्धतीचे शौचालय ह्यांच्या सवयीने शहरी माणसाचे घोटे आखडले आहेत. टाच किंचित उंच असलेले कठीण तळाचे बूट त्यावर उपयोगी पडतात. धावण्याचे मऊ बूट भाराखाली दबतात आणि पाऊल डगमगते, म्हणून ते टाळावेत.

श्वासाचा प्रश्न नाजूक आहे. खाली जाण्यापूर्वी पोट भरून श्वास घ्यावा, तो रोखावा, पोटाचे स्नायू आवळावेत आणि वर येताना अवघड टप्पा पार झाल्यावर तो सोडावा. योगाभ्यासातील कुंभकाशी ह्याचे साम्य वरवरचे आहे. येथे हेतू एवढाच की पोटातील दाब वाढून पाठीच्या कण्याला पुढून आधार मिळावा. मात्र त्याचबरोबर रक्तदाबही वाढतो, आणि तो किती वाढतो हे समजल्यावर सावधपणा आपोआप येतो. १९८५ साली कॅनडात पाच शरीरसौष्ठवपटूंच्या रोहिणीतील दाब थेट मोजण्यात आला. दोन्ही पायांनी जड भार ढकलत असताना त्यांचा सरासरी दाब ३२०/२५० पर्यंत पोहोचला होता. प्रयत्न संपताच तो झपाट्याने उतरतो, आणि निरोगी रक्तवाहिन्या हा क्षणिक ताण सोसतात. परंतु उच्च रक्तदाब, हृदयविकार, अंतर्गळ किंवा काचबिंदू असलेल्यांनी, तसेच गर्भवती स्त्रियांनी, वैद्यकीय सल्ल्यावाचून हा व्यायाम करू नये. प्रत्येक आवर्तनात नवा श्वास घ्यावा. एका श्वासात पाच बैठका काढणाऱ्याला भोवळ येण्याचा संभव असतो, आणि त्या वेळी कांब त्याच्या पाठीवर असते.

वर येताना छाती आणि खुबे एकाच गतीने उठावेत. खुबे आधी वर गेले आणि धड मागे राहिले की बैठकीचे रूपांतर कमरेच्या उचलीत होते, आणि हे भार अधिक झाल्याचे लक्षण होय. नजर समोर, काही मीटरवरील जमिनीकडे असावी. छताकडे पाहण्याने पाठ ताठ राहते ही समजूत निराधार असून मान मात्र दुखते.

प्रारंभ भाराशिवाय, मग खांद्यावर लाकडी काठी घेऊन आणि त्यानंतर रिकाम्या कांबेने करावा. पाच ते आठ आवर्तनांचे तीन संच, आठवड्यातून दोन-तीन दिवस, एवढे नवशिक्यास पुरे. सर्व आवर्तने सारखी दिसू लागली म्हणजे अडीच किंवा पाच किलोग्रॅम वाढवावेत. स्नायू काही आठवड्यांत बळावतात. कंडरा आणि अस्थिबंध ह्यांना अधिक काळ लागतो. शेजाऱ्याच्या कांबेवरील चकत्या मोजून आपला भार ठरविण्याची प्रथा व्यायामशाळांत आहे, आणि ह्या विषयातील कोणत्याही तांत्रिक चुकीपेक्षा ती अधिक घातक आहे.

एखादे आवर्तन पुरे होणार नाही हे गृहीत धरूनच तयारी करावी. घोडीला आडव्या सुरक्षा-कांबी असतील तर त्या आपल्या सर्वांत खालच्या स्थितीपेक्षा किंचित खाली लावाव्यात, म्हणजे अडकलेल्या माणसाला शांतपणे आणखी खाली बसून भार त्यांवर टेकवता येतो. हे रिकाम्या कांबेने आधी करून पाहावे. सुरक्षा-कांबी नसतील तर दोन्ही टोकांस एकेक मदतनीस उभा असावा आणि दोघांनी एकाच इशाऱ्याने कांब उचलावी. एकाने लवकर उचलणे हे न उचलण्यापेक्षा वाईट. चकत्या सरकू नयेत म्हणून टोकांस अडकण्या लावण्यास विसरू नये, कारण एका बाजूची चकती दोन बोटे सरकली तरी कांब तिरपी होते.

संच संपल्यावर सरळ पुढे चालत जावे. कांब दोन्ही खांबांना टेकल्याचा आवाज ऐकू आला की गुडघे वाकवून ती आकड्यांत सोडावी, आणि दोन्ही बाजू बसल्याची खात्री होईपर्यंत तिच्याखालून बाहेर येऊ नये. चकत्या उतरवताना एकदा डावीकडची, एकदा उजवीकडची अशा क्रमाने उतरवाव्यात. एका बाजूच्या सर्व चकत्या आधी काढल्यास दुसरी बाजू खाली झुकते आणि रिकामे टोक वेगाने वर उसळते. तेथे बहुधा कोणीतरी पाणी पीत उभे असते.