भिवंडीची चिंधी आणि परदेशी चाकूची मूठ

घडीचा बहुउपयोगी चाकू विकत घ्यायचा, तो उघडून मुठीच्या पट्ट्या काढायच्या, आतले एखादे हत्यार बदलायचे आणि आपल्या हाताला बसेल, आपल्या कामाला येईल असा चाकू करून घ्यायचा, हा छंद युरोप-अमेरिकेत चांगलाच रुजला आहे. आपल्या देशातही त्याचे शौकीन आहेत. काही जण तर नुसत्या मुठीवर चाकूच्या मूळ किमतीपेक्षा जास्त पैसा घालतात. रिकामटेकड्यांचा खेळ म्हणून आमचे कारखानदार बंधू पान उलटतील, पण त्यांनी जरा थांबावे. या छंदात पैसा पात्यापेक्षा मुठीवर जास्त जातो आणि मुठीला लागणारा माल भिवंडीत पायाखाली पडलेला असतो.

आधी या चाकूविषयी थोडे. स्वित्झर्लंडमधील इबाख गावी कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये सुऱ्या-चाकूंचा कारखाना काढला. १८९१ मध्ये त्यांनी स्विस सैन्याला पहिले चाकू दिले आणि १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठीच्या हलक्या चाकूची नोंदणी केली. तोच पुढे लाल मुठीचा चाकू म्हणून जगभर गेला. आईच्या मृत्यूनंतर १९०९ मध्ये त्यांनी तिचे व्हिक्टोरिया हे नाव मालाला दिले. १९२१ मध्ये न गंजणारे पोलाद आले, त्याला फ्रेंचमध्ये ‘इनॉक्स’ म्हणतात; दोन्ही मिळून व्हिक्टोरिनॉक्स. दुसरे मोठे नाव अमेरिकेच्या टिम लेदरमन यांचे. १९७५ मध्ये जुनी मोटार घेऊन ते युरोपात फिरले, गाडी वाटेत सारखी बिघडे आणि खिशातल्या चाकूला पक्कड नसे. त्यावर त्यांनी पक्कडवाला चाकू बनवला, पण तो बाजारात यायला १९८३ साल उजाडले. कारखानदारांनी नकार दिला म्हणून माघार घेणाऱ्या आमच्या तरुणांनी ही आठ वर्षे ध्यानात ठेवावीत.

आता चाकू आतून पाहू. ९१ मिलिमीटर लांबीच्या प्रचलित लाल चाकूत ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे, त्यांच्यामध्ये पाती आणि प्रत्येक थराला पाठीमागून दाब देणारी पोलादी स्प्रिंग असते. हे सर्व पितळी पिनांनी रिवेट केलेले असते. बाहेरच्या लाल पट्ट्या प्लास्टिकच्या असतात. पिनांची डोकी त्यांच्या आतल्या खळग्यांत चटकन दाबून बसतात. पट्टी जपून उचकटली की निघते, तिथे दुसरी बसवता येते. छंदाची पहिली पायरी ही. पुढची पायरी म्हणजे पिना कापून सगळा चाकू सुटा करणे, एका चाकूची कात्री किंवा करवत दुसऱ्यात घालणे आणि नव्या पितळी पिना ठोकून बंद करणे. पिन थोडी जास्त ठोकली तर पाते उघडत नाही, कमी ठोकली तर ते डुलते. सगळे कसब या एका ठोक्यात असते.

दारूच्या बाटलीचे बूच काढण्याचा जो पीळदार स्क्रू अनेक चाकूंच्या पाठीवर असतो, त्याचा आपल्याला काय उपयोग, असे वाचक विचारतील. त्या जागी चौफुलीचा पेचकस असलेले नमुने कंपनीच विकते, आणि शौकीन लोकही ही अदलाबदल करतात. मात्र त्या स्क्रूचे टोक घट्ट बसलेली गाठ सोडवायला फार चांगले. सुताच्या गाठींशी दिवसभर झटणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

हे काम आमच्या यंत्रमागाच्या मिस्त्रीला नवे वाटणार नाही. मागाच्या सुट्या भागाला बुश बसवणे, पिन घालणे, व्हर्नियरने माप घेऊन कानशीने उतरवणे, हीच त्याची रोजी. गेल्या काही वर्षांत भिवंडीत किती साधे माग भंगारात गेले, हे नारपोली किंवा शांतीनगरच्या गल्ल्यांतून फिरणाऱ्याला सांगावे लागत नाही. माग भंगारात गेला तर त्याच्या लोखंडाला भाव येतो. मागावर वीस-वीस वर्षे घालवलेल्या हाताला कोणी भाव देत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, त्या हाताला साजेशा लहान कामांचा शोध घेतला पाहिजे, आणि त्यातले एक काम हे आहे.

मुठीच्या पट्ट्या लाकडाच्या, शिंगाच्या, पितळेच्या, टायटॅनियमच्या अशा अनेक प्रकारच्या असतात. पण शौकिनांमध्ये ‘मायकार्टा’ नावाच्या मालाला विशेष मान आहे, आणि मायकार्टा म्हणजे दुसरे काही नसून राळ पाजून दाबलेले कापड! १९१० च्या सुमारास अमेरिकेच्या वेस्टिंगहाऊस कंपनीने तो विजेच्या इन्सुलेशनसाठी काढला. आमच्या वर्कशॉपवाल्यांना ‘हायलम’ ठाऊक आहे, त्याचाच हा भाऊ. ओल्या हातातून तो निसटत नाही आणि पाण्याने फुगत नाही. घासल्यावर कापडाचे थर डोंगराच्या नकाशातील रेषांसारखे उमटतात आणि कोणत्याही दोन पट्ट्या सारख्या निघत नाहीत. शौकीन माणूस पैसे मोजतो ते त्यासाठीच.

हा माल घरी बनवता येतो. कापडाचे तुकडे एका मापाचे कापावेत. एपॉक्सी राळ आणि तिचे हार्डनर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात मिसळून प्रत्येक तुकडा पूर्ण भिजवावा. जाड कापडाचे दहा-बारा थर एकावर एक रचावेत, खाली-वर मेणकागद ठेवून दोन सपाट फळ्यांमध्ये वाइसमध्ये आवळावेत. दुसऱ्या दिवशी कडक फळी हाती येते. ती करवतीने कापून, पॉलिश पेपरने घासून दोन-तीन मिलिमीटरवर आणायची. यात कापडाची निवड महत्त्वाची. सुती कापड राळ पितो, तर पॉलिएस्टरमध्ये ती आत मुरत नाही आणि पुढे थर सुटण्याची भीती राहते. भिवंडीत सिंथेटिक माल भरपूर निघतो, म्हणून चिंधीवाल्याकडून पोते उचलण्याआधी दोन धागे जाळून पाहावेत. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख पडते; पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. राळेचे काम हातमोजे घालूनच करावे, कातडीला तिची ॲलर्जी जडू शकते. घासताना निघणारी धूळ छातीला वाईट, म्हणून पाणी लावून घासावे आणि तोंडाला मास्क बांधावा. कापसाच्या धुळीने काय होते ते या शहराने पुष्कळ पाहिले आहे.

भंगारातला लाकडी धोटाही टाकू नये. ते लाकूड घट्ट असते, वर्षानुवर्षांच्या घर्षणाने गुळगुळीत झालेले असते, आणि ‘ही मूठ भिवंडीच्या मागाच्या धोट्याची आहे’ असे खरेपणाने सांगता आले तर गिऱ्हाईक ते ऐकून घेतो. म्हशीच्या शिंगाच्या कामात उत्तर प्रदेशातील संभळचे कारागीर नामांकित आहेत. तिथून तयार पट्टी मागवता येईल. एक बाब मात्र विचारून घ्यावी. जबह न केलेल्या जनावराचे शिंग हनफी मसलकात पाक मानतात, शाफई मसलकात मानत नाहीत, आणि आमचे कोकणी बंधू शाफई आहेत. सांबराचे किंवा चितळाचे शिंग परदेशात कोणी कितीही मागो, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याचा व्यापार बंद आहे. शिसवीच्या जातीचे लाकूड २०१७ पासून सायटीस करारात आहे. २०२२ मध्ये लहान खेपांना सवलत मिळाली असली तरी निर्यातीपूर्वी कागदपत्रे तपासावीत. नवख्याने बाभूळ किंवा चिंच घ्यावी.

पात्याला मात्र हात लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ग्राइंडरवर पाते निळे पडले की त्याचे पाणी उतरले, मग धार टिकत नाही. दुसरे कारण याहून मोठे. १९७० आणि १९८४ च्या दंगली पाहिलेल्या आमच्या शहरात खिशातल्या चाकूचा अर्थ स्वित्झर्लंडसारखा लागत नाही. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचा उल्लेख आहे, त्यामुळे लहान चाकूचे काही नाही, असे अनेक जण समजतात. पण महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त बंदी आदेश काढू शकतात आणि त्यात चाकू बाळगणेही येते. आदेश मोडल्यास कलम १३५ लागू होते. ज्याला फक्त सुताच्या गाठी सोडवायच्या होत्या, त्या पोराने ठाण्यात जाऊन छंद समजावून सांगायचा, ही वेळ आपण येऊ द्यायची काय? रामपूरच्या चाकू कारागिरांना हिंदी सिनेमाने जी बदनामी दिली ती अजून पुरती धुतलेली नाही. म्हणून चाकू वर्कशॉपमध्ये किंवा घरी ठेवावा, आणि धंदा पट्ट्यांचा करावा. पट्टीला धार नसते, ती कोणत्याही पार्सलातून जाते.

एक सावधगिरी चिन्हाचीही घ्यावी. ढालीतला क्रॉस ही कंपनीची मालमत्ता आहे. आपल्या पट्टीवर तो कोरला तर हुनर राहतो बाजूला, नकली मालाचा गुन्हा होतो. अमुक मापाच्या चाकूला बसणारी पट्टी, एवढेच लिहावे आणि खाली आपली खूण टाकावी. मूठ बदललेल्या चाकूवर कंपनीची हमी लागू होईल असे धरून चालू नये, हेही गिऱ्हाईकाला आधीच सांगावे.

ज्यांना हात आजमावायचा आहे त्यांनी एक जुना ९१ मिलिमीटरचा चाकू मिळवावा, त्याची एक पट्टी काढून पिनांमधील अंतरे व्हर्नियरने मोजावीत आणि पत्र्याचा साचा बनवावा. चिमटा आणि दातकोरणे यांच्या खाचा शेवटी कापाव्यात, कारण पट्टी तिथेच फुटते. पहिल्या दोन-चार जोड्या वाया जातील असे धरून चालावे. माल परदेशी पाठवायचा झाल्यास विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात क्रमांक घ्यावा लागतो. डाक खात्याने २०२२ पासून डाकघर निर्यात केंद्रे सुरू केली असून लहान कारागिराची पार्सले तिथून जाऊ शकतात. कोणत्या कार्यालयात हे केंद्र आहे, याची चौकशी ठाण्याच्या मुख्य टपाल कार्यालयात करावी.