शाबितीचा भार आणि कायद्याचा विद्यार्थी

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांत सर्वांना माहीत असतो. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं आपल्या अनुयायांसह त्या तळ्याचें पाणी प्राशन केलें, हें शाळेंतील मुलेंही सांगतील. परंतु त्याच तळ्यावरून पुढें जवळजवळ दहा वर्षें एक दिवाणी दावा चालला, हें थोड्यांनाच ठाऊक असतें. हक्कांसाठीं कोर्टांत भांडावें लागतें तेव्हां नेमकें काय घडतें, आणि त्या कामीं कायद्याच्या विद्यार्थ्याचा उपयोग कितपत होतो, हें समजण्यास त्या दाव्याइतकें चांगलें उदाहरण दुसरें नाहीं.

दावा सत्याग्रहींनीं लावला नव्हता. तो त्यांच्यावर लावण्यांत आला होता. १२ डिसेंबर १९२७ रोजीं महाडच्या कांहीं सवर्ण रहिवाशांनीं डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी यांच्याविरुद्ध तो दाखल केला. तळें खासगी मालकीचें असून अस्पृश्यांनीं त्याचें पाणी घेऊं नये अशी अनादि कालापासून वहिवाट आहे, असें वादींचें म्हणणें होतें. दोनच दिवसांत त्यांना तात्पुरता मनाईहुकूम मिळाला. पुढें १९३१ सालीं महाडच्या कोर्टानें दावा काढून टाकला. १९३३ सालीं ठाण्यास अपिलांत तोच निकाल कायम झाला. आणि १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई हायकोर्टानेंही वादींचें अपील फेटाळलें.

अस्पृश्यता अन्याय्य म्हणून वादी हरले, असें समजण्याकडे मनाचा कल होतो. वस्तुस्थिति तशी नाहीं. तळें नगरपालिकेचें ठरलें. उरला वहिवाटीचा प्रश्न. वहिवाट अनादि आहे असें जो म्हणतो त्यानेंच ती शाबीत केली पाहिजे, आणि वादींना तें साधलें नाहीं, एवढ्यावर हायकोर्ट थांबलें. अशी वहिवाट सार्वजनिक हिताच्या विरुद्ध आहे काय, या प्रश्नांत शिरण्याचें त्याला कारणच पडलें नाहीं. न्याय मिळाला खरा, पण तो शाबितीच्या दारानें आला. हक्काच्या खटल्यांत वक्तृत्वाहून पुरावा मोठा; आणि पुराव्याच्याही आधीं पाहावयाचें तें हें कीं, शाबितीचा भार कोणावर आहे ? हा निकाल लागला त्या वेळीं डॉ. आंबेडकर मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते.

महाड व पनवेल हे तालुके एकाच जिल्ह्यांतले. पूर्वीं त्याचें नांव कुलाबा होतें, १९८१ पासून तें रायगड झालें. आज पनवेलीस न्यायालय आहे, नवीन पनवेलांत विधि महाविद्यालय आहे, आणि तालुक्याच्या हद्दींतच तळोज्याचें मध्यवर्ती कारागृह आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणें तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांत किमान १२ व पांच वर्षांच्या अभ्यासक्रमांत किमान २० आठवडे उमेदवारी करावी लागते. तिलाच हल्लीं इंटर्नशिप म्हणतात. परंतु १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टप्रमाणें वकिलीचा अधिकार सनद घेतलेल्यांनाच आहे. मग विद्यार्थ्यानें करावें तरी काय ? जें शाबीत व्हावयाचें आहे तें वकिलाच्या हातीं व्यवस्थित आणून द्यावें, हें त्याचें काम.

तुरुंगांतील कच्च्या कैद्याचेंच उदाहरण घेऊं. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचें ४७९ वें कलम असें आहे कीं, गुन्ह्यास फांशी किंवा जन्मठेप सांगितलेली नसेल, आणि आरोपीस पूर्वीं कधीं शिक्षा झालेली नसेल, तर कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काल तुरुंगांत काढल्यावर त्यास जामिनावर सोडावें. इतरांस ही मर्यादा सामान्यतः निम्म्याची आहे. कमाल शिक्षा सात वर्षांची असली तर पहिल्या आरोपीची मुदत २८ महिन्यांनीं भरते, दुसऱ्याची ४२ महिन्यांनीं. कोर्टाकडे अर्ज करण्याचें कर्तव्य तुरुंगाच्या अधीक्षकावरच टाकलेलें आहे. जुन्या खटल्यांतील कैद्यांनाही हें कलम लागू आहे, असें सुप्रीम कोर्टानें ऑगस्ट २०२४ मध्यें स्पष्ट केलें. आतां हिशेब सोपा दिसतो. परंतु अटकेची तारीख कोणती, कलमें कोणतीं, दुसरा खटला प्रलंबित आहे काय, आरोपीच्या स्वतःच्या दिरंगाईचे दिवस किती वजा जावयाचे, हें कागदोपत्रीं पाहावें लागतें. विधि सेवा प्राधिकरणाच्या योजनेंत विद्यार्थ्याला स्वयंसेवक होतां येतें. त्यानें एक तारीख चुकीची लिहिली तर एका माणसाचे महिने तुरुंगांत जातात.

दुसरें उदाहरण वीटभट्टीचें. रायगड जिल्ह्यांतील कित्येक कातकरी कुटुंबें पावसाळा सरला कीं उचल घेऊन भट्टीवर जातात. ही उचल फिटेपर्यंत माणसाला जातां येत नसेल तर ती वेठबिगारी होय. तेथें १९७६ च्या कायद्यानें भार फिरविला आहे: कर्ज वेठबिगारीचें नाहीं हें धनकोनें शाबीत करावयाचें. वेठीस धरलेल्याला १९८७ च्या कायद्याप्रमाणें सरकारी खर्चानें वकीलही मिळतो. तरीसुद्धां उचल कोणत्या महिन्यांत घेतली, हातीं किती पडली, हिशेब कोणीं ठेवला, जातों म्हटल्यावर मुकादम काय म्हणाला, हें कोणीतरी त्याच्या वाडीवर बसून, त्याच्याच शब्दांत टिपून घ्यावें लागतें. त्या टिपणांत विद्यार्थ्यानें आपले शब्द घातले तर उलटतपासणींत तें टिकत नाहीं; आणि नुकसान होतें तें त्या मजुराचें.

या उमेदवारीला एक मर्यादाही आहे. एका वर्षांत ती सलग चार आठवड्यांहून अधिक करतां येत नाहीं. चवदार तळ्याचा दावा तर जवळजवळ दहा वर्षें चालला. विद्यार्थी परीक्षेला निघून जातो, अशील तेथेंच राहतें. म्हणून चांगल्या वकिलाच्या कचेरींत विद्यार्थ्याला प्रथम तीन गोष्टी शिकवाव्या लागतात. निकालाचें आश्वासन कोणाला देऊं नये. वकिलाच्या लेखनिकावर अशिलाची गोष्ट गुप्त ठेवण्याचें जें बंधन कायद्यानें आहे तें आपल्यावरही आहे असें समजावें. आणि टिपण असें लिहावें कीं, पुढच्या वर्षीं येणाऱ्या अनोळखी मुलाला कोणासही न विचारतां काम पुढें चालवितां यावें.

असल्या कामांत विद्यार्थ्याचें नांव निकालपत्रांत येत नाहीं. तथापि हक्क कायद्यांत लिहिलेला असणें आणि तो माणसाच्या पदरीं पडणें, यांमध्यें अंतर असतें. तें तारखांनीं, पावत्यांनीं आणि खऱ्या साक्षींनीं तोडावें लागतें. आणि तेवढें काम सनदेपूर्वींही करतां येतें.