जुन्या फ्रिजला बिअरची तोटी

आपल्याकडे फ्रिज जुना झाला, की त्याचे पुढचे ठिकाण ठरलेले असते. एक तर 'एक्स्चेंज'मध्ये दुकानदाराकडे, नाही तर भंगारवाल्याच्या हातगाडीवर. क्वचित एखाद्या घरी त्याचे कपाट होते आणि त्यात पापड-कुरडयांचे डबे विसावतात. अमेरिकेत मात्र स्वयंपाकघरातून हद्दपार झालेला फ्रिज अनेकदा गॅरेजमध्ये किंवा तळघरात जातो आणि घरातल्या हौशी पुरुषांच्या नजरेस पडतो. मग एखाद्या रविवारी ड्रिल मशीन बाहेर निघते, दाराला भोक पडते, त्यातून चकचकीत तोटी डोकावू लागते आणि कालपर्यंत दूध-भाजी सांभाळणारा फ्रिज 'केगरेटर' होतो. केग म्हणजे बिअरचे धातूचे पिंप. त्याला रेफ्रिजरेटरचे शेपूट जोडून अमेरिकनांनी हा शब्द घडवला आहे.

या हौसेमागे एक कायदा आहे. अमेरिकेतली दारूबंदी 1933मध्ये उठली. घरी वाइन करण्याची मुभा मिळाली, पण बिअर करण्याची नाही. ती चूक दुरुस्त व्हायला 45 वर्षे लागली. 14 ऑक्टोबर 1978 रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली आणि दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घराला वर्षाला 200 गॅलन, म्हणजे सुमारे 757 लिटर बिअर घरच्यासाठी करण्याची परवानगी मिळाली. विकायची मात्र नाही. त्याच वर्षी चार्ली पापाझियन यांनी कोलोरॅडोतल्या बोल्डर शहरात घरगुती बिअर करणाऱ्यांची संघटना उभी केली. तरीही राज्यांचे कायदे आड येतच होते. अलाबामा आणि मिसिसिपी या शेवटच्या दोन राज्यांनी 2013मध्ये परवानगी दिली.

बाटल्या धुण्याचा कंटाळा

घरी एका वेळी साधारण 5 गॅलन, म्हणजे 19 लिटर बिअर केली जाते. ती बाटल्यांत भरायची, तर 50हून अधिक बाटल्या धुवायच्या, निर्जंतुक करायच्या, भरायच्या आणि प्रत्येकीला बूच ठोकायचे. दोन-तीनदा हे केले, की कोणाचाही उत्साह मावळतो. सुटकेचा मार्ग मिळाला तो अनपेक्षित ठिकाणाहून. शीतपेयांच्या कंपन्या पूर्वी आपले सिरप स्टीलच्या उंच, अरुंद डब्यांतून हॉटेलांना पुरवत. पुढे हे सिरप खोक्यातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून जाऊ लागले आणि हजारो डबे स्वस्तात बाजारात आले. त्यात नेमके 5 गॅलन मावते. एक डबा धुतला की काम झाले!

हे डबे साध्या फ्रिजमध्ये सहज उभे राहतात. बाजारातले मोठे पिंप मात्र 15.5 गॅलनचे असते आणि भरल्यावर त्याचे वजन सुमारे 73 किलो होते. ते काचेच्या फळीवर ठेवता येत नाही. सगळ्या फळ्या काढून खाली जाड प्लायवूड टाकावे लागते, दाराच्या आतले कप्पेही कापून काढावे लागतात.

बाकीची रचना सोपी आहे. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरमधला वायू नळीने पिंपात शिरतो आणि बिअरला दुसऱ्या नळीतून तोटीकडे ढकलतो. सिलिंडरमधला दाब खोलीच्या तापमानाला सुमारे 850 पौंड असतो, तर पिंपाला हवा असतो फक्त 10 ते 12 पौंड. म्हणून मध्ये रेग्युलेटर लागतो. तो नसेल, तर सिलिंडर पिंपाला जोडण्याचा विचारही करू नये. तापमान तीन-चार अंश सेल्सिअस ठेवले, म्हणजे वायू बिअरमध्ये नीट विरघळून राहतो. ती तापली, की ग्लासात बिअर कमी आणि फेसच जास्त! तोटीकडे जाणारी नळी फार आखूड असली, तरीही हाच प्रकार होतो. म्हणून पाच ते दहा फुटांची बारीक नळी वेटोळे करून आत ठेवतात. नळ्या दर दोन आठवड्यांनी धुवाव्या लागतात, आणि नव्या हौशी मंडळींचा आळस नेमका इथेच आड येतो.

भोक कुठे पाडायचे?

खरी परीक्षा आहे ती ड्रिल हातात घेतल्यावर. अनेक फ्रिजच्या बाजूच्या पत्र्यामागे वायूच्या नळ्या लपलेल्या असतात. टोक चुकून एका नळीत घुसले, की फ्रिज कायमचा गेलाच समजा. शिवाय हा वायू मुद्दाम हवेत सोडणे अमेरिकेत 1 जुलै 1992पासून बेकायदा आहे. अलीकडच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आयसोब्युटेन भरलेला असतो आणि तो ठिणगीने पेट घेतो. म्हणून अनुभवी माणसे दारालाच भोक पाडतात. तिथे वायूच्या नळ्या नसतात. बाजूलाच पाडायचे असेल, तर मक्याचे पीठ स्पिरिटमध्ये कालवून पत्र्याला फासतात आणि फ्रिज चालू करतात. गरम नळीवरचा लेप आधी वाळतो आणि नळीचा मार्ग पांढऱ्या रेघेसारखा उमटतो. ड्रिल करताना प्लग अर्थातच काढलेला हवा.

ज्याकडे कोणी फारसे पाहत नाही, असा धोका आहे तो सिलिंडरचा. पाच पौंडांच्या छोट्या सिलिंडरमधला सगळा वायू बाहेर पडला, तर तो सव्वा घनमीटर जागा व्यापतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि आठ फूट उंच बंद खोलीत त्याचे प्रमाण साडेपाच टक्क्यांच्या घरात जाते. अमेरिकेत चार टक्के हीच जिवाला तातडीचा धोका असल्याची पातळी मानली जाते. या वायूला वास नाही, रंग नाही, शिवाय तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. तळघराच्या फरशीवर खेळणाऱ्या मुलाला त्याचा त्रास मोठ्या माणसाआधी होऊ शकतो. म्हणून प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहायचे, आणि खोलीत हवा खेळती ठेवायची.

मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. हौशी लोकांना 1940-50च्या दशकातले, गोल कोपऱ्यांचे आणि खटक्याच्या कड्यांचे फ्रिज फार आवडतात. दिसायला ते देखणे खरेच. पण त्यांचे दार फक्त बाहेरून उघडते. लपाछपी खेळताना अशा फ्रिजमध्ये अडकून अमेरिकेत अनेक मुले गुदमरून मेली. अखेर 1956मध्ये कायदा झाला आणि 30 ऑक्टोबर 1958नंतर तयार होणाऱ्या प्रत्येक फ्रिजचे दार आतून ढकलून उघडता येणे बंधनकारक झाले. चुंबकाच्या पट्टीचे दार घरोघरी आले त्यामागे हा कायदा आहे. तेव्हा जुना शोभिवंत फ्रिज आणणाऱ्याने पहिला स्क्रू काढायचा तो त्या खटक्याचा. तोटीलाही कुलूप हवेच, कारण तिथे 21 वर्षांखालील मुलांना दारू विकत घेता येत नाही आणि घरातली उघडी तोटी त्यांना विचारून वाहत नाही.

विजेचे बिलही विसरून चालत नाही. 1970च्या दशकाच्या मध्यातला अमेरिकन फ्रिज वर्षाला सुमारे 1,800 युनिट खाई. आजचा तेवढाच फ्रिज त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी वीज घेतो. फुकट मिळालेला फ्रिज तसा फुकट नसतोच!

भारतात घरी बिअर करण्याची अशी मोकळीक नाही. महाराष्ट्रात 1949च्या कायद्याने दारू तयार करायला परवाना लागतो, पिण्यासाठीही परमिट लागते. गुजरात आणि बिहारमध्ये तर दारूबंदीच आहे. पण तोटीतून बिअरच आली पाहिजे असे थोडेच आहे! अमेरिकेतल्या कित्येक घरी हीच रचना सोड्यासाठी वापरतात. थंड, गाळलेले पाणी पिंपात भरायचे, खाण्याच्या दर्जाचा कार्बन डायऑक्साइड जोडायचा आणि चार-पाच दिवस थांबायचे. दाब मात्र थोडा अधिक लागतो. तोटी आणि जोड स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत, पितळेचे नकोत, कारण सोड्याच्या आंबट पाण्यात पितळेतले तांबे उतरते आणि त्याने उलट्या होऊ शकतात. कोकमाचे किंवा आल्या-लिंबाचे सरबत पिंपात न घालता ग्लासातच घालावे. म्हणजे नळीत चोथा अडकत नाही आणि प्रत्येकाला आपापल्या चवीने घेता येते.